थांबाजींचं खाकरणं

खड्ड्यात उतरण्याआधी चपला काढून खाकरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. खड्डा म्हणजे विहीर नव्हे की भुयार नव्हे; इमारतीच्या पायासाठी खणलेला कमरेइतका साधा चर. हे गृहस्थ त्याच्या काठाशी यायचे, चपला काढून एकीला एक लावून ठेवायचे, धोतराचा सोगा सावरायचे आणि तोंडापुढे मूठ धरून दोनदा खाकरायचे. मग जरा थांबायचे, जणू आतून कोणीतरी 'या' म्हणणार आहे. कोणी म्हणायचं नाही. मग ते हळूच पाय खाली टाकायचे.

नाव वासुदेव काशिनाथ बोदडे. जुन्या वास्तूंची निगा राखणाऱ्या सरकारी खात्याचे निरीक्षक. पण त्या नावानं त्यांना गावात कोणी ओळखत नसे. सगळे त्यांना थांबाजी म्हणत. कारण कुदळ वर गेली की ते काठावरून हात वर करून म्हणायचे, "थांबा जी!" कुदळ तशीच हवेत थांबायची. कुदळवाला शिवी तोंडातच गिळायचा. ते खाली उतरून (खाकरून, अर्थात) एक खापराचा तुकडा उचलायचे, उन्हात धरायचे, आणि 'चालू द्या' म्हणून वर यायचे. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

महाराष्ट्र होऊन तेव्हा फार काळ झाला नव्हता. जिल्हा परिषदा नव्या नव्या होत्या आणि गावोगाव शाळाखोल्या, दवाखाने बांधायची लगबग चालली होती. मी ओव्हरसियर म्हणून नुकताच लागलो होतो. पायात नाडीचे बूट आणि डोक्यात आपल्याला सगळं कळतं हा समज, दोन्ही नवे कोरे. माझं पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते वडसराईला. साखरखेर्ड्याहून सुलतानपूरच्या अंगाला जाताना आडबाजूला पडतं हे गाव. तिथं एक जुनी दगडी सराई आहे. चारी बाजूंनी कमानी, मधे प्रशस्त अंगण. कुठले कुठले व्यापारी, फकीर, फौजेतले लोक पूर्वी तिथं मुक्कामाला उतरत. आता तिथं गावची गुरं उतरत होती. गावात सरकारी मोकळी जागा तेवढी एकच, म्हणून दवाखाना त्या अंगणात बांधायचा ठरला होता. दवाखाना म्हणजे एक औषधांची खोली, एक व्हरांडा आणि मागच्या कोपऱ्यात नर्सबाईची खोली.

ही नर्सबाईची खोली सरपंच भगवानरावांच्या जिवाचा विषय होती. गावातली बाई अडली की बैलगाडीत घालून मेहकरला न्यावी लागे. त्यांची थोरली सून अशीच नेताना वाटेत गेली, पोटातल्या बाळासकट. तेव्हापासून त्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. गावात नर्स राहायला आली पाहिजे, एवढं एकच ते बोलत. मंजुरी तर आली, पण दोन अटी घालून आली. मार्चअखेरपर्यंत काम जोत्याच्या वर आलं पाहिजे, नाहीतर मंजुरी परत जाणार. आणि सराई जुनी असल्यामुळे एकेक कुदळ त्या खात्याच्या माणसाच्या डोळ्यांदेखत पडली पाहिजे. पहिली अट म्हणायची पळा, दुसरी म्हणायची थांबा. आणि दुसरी अट छत्री घेऊन काठावर उभी होती.

ती छत्रीही सांगण्यासारखी. ती ते स्वतःवर कधी धरत नसत, खड्ड्यावर धरत. उन्हात मातीचा रंग फिका पडतो म्हणे. स्वतःचं टक्कल तापून तांब्यासारखं झालं तरी चालेल. रंग तरीही कळला नाही तर लोट्यातलं पाणी तोंडात घेऊन, इस्त्रीवाला कपड्यांवर मारतो तशी फुर्र करून मातीवर चूळ मारायचे. ओली माती कुठं काळी दिसते, कुठं पिवळी, ते पाहायचे. माती झटकायला त्यांच्याकडे दाढीचा ब्रश होता. दाढीलाही तोच होता. त्यामुळे सकाळी सकाळी त्यांच्या हनुवटीवर निजामाच्या अमदानीतली माती असे.

बरं, त्यांचं सगळंच खरं निघायचं असंही नाही. एकदा पितळेची नक्षीदार कडी सापडली तर अर्धा दिवस काम बंद. ही कोण्या सरदाराच्या घोड्याच्या साजाची, असं त्यांनी मला पटवलं, मीही गावभर सांगितलं. दुपारी शाळामास्तर आले आणि आपल्या कंदिलाची कडी ओळखून घेऊन गेले. थांबाजी जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "जाऊ द्या जी. मास्तरबी एक दिवस जुने होतीलच."

खाकरण्याबद्दल मी त्यांना पहिल्याच आठवड्यात छेडलं होतं. म्हटलं, साहेब, आत कोण बसलंय म्हणून खाकरता? त्यांनी माझ्याकडे, कानाखाली द्यायच्या लायकीच्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "कोनाचं तरी घर हाये ते. खाकरल्याबिगर कोनाच्या घरात जाऊ नये. आतलं मानूस दचकते." एवढं बोलून ते थांबले नाहीत, मलाही नियम लावला. मग मी रोज बुटांच्या नाड्या सोडायचो, खाकरायचो, उतरायचो, चढायचो, नाड्या बांधायचो. मजुरांना फुकटचा तमाशा झाला. पुढं पुढं तेही खाकरायला लागले. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की आधी दवाखान्याची गरज या मजुरांनाच आहे.

आणि नेमकं नर्सबाईच्या खोलीच्या पायात ते सापडलं.

रहीमचाचा आमचे गवंडी. म्हातारा, कमी बोलणारा, हाताचा पक्का माणूस. त्यांनी कोपऱ्यातली माती ओढली आणि थांबाजींच्या आधी स्वतःच म्हणाले, "रुका." भाजून लाल झालेली जमीन दिसत होती. थांबाजी उतरले. ब्रश चालला, चूळ चालली, छत्री या हातातून त्या हातात गेली. संध्याकाळपर्यंत मातीतून एक चूल उभी राहिली. अख्खी चूल. तिचे दोन्ही गाल शाबूत, बाजूला भांडं गरम ठेवायचा छोटा वैल, पलीकडे रांजणाची खळगी आणि एक अर्धा पाटा. आपल्या घरात असते तशीच, फक्त जरा ऐसपैस, कारण मुसाफिरांचा स्वयंपाक.

मला वाटलं झालं, मोजमापं घेतील आणि सोडतील. पण गृहस्थ त्या चुलीच्या नादीच लागले. जेवायला ते चुलीशेजारी बसत, आणि बसण्याआधी विचारत, "बसू का जी?" स्वतः थापलेल्या, एका बाजूनं करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला त्या चुलीवरच्या बाईची हकीकत सांगत. बाई स्वच्छ होती, कारण चूल सारवल्याचे थरावर थर दिसतात. बाई तापट होती, कारण एकाच जागी पुष्कळ खापरं फुटलेली आहेत. या दुसऱ्या अनुमानावर रहीमचाचांनी शंका काढली की बाई तापट नसेल, नवरा तापट असेल. त्यावर बराच वाद झाला. पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. चुलीपेक्षा वैलाचा काठ जास्त झिजला होता. "म्हनजे पाहा, हिच्या वैलावर नेहमी काही ना काही ठेवलेलं राहे. कोनी उशिरा येईन, त्याच्यासाठी गरम." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा आणि ते छत्री उगाच उघडमीट करायचे.

मी कॅलेंडर पाहत होतो. मार्च अर्धा सरला होता.

अशात एका सकाळी कामावर येऊन पाहतो तो चुलीला शेंदूर. दोन्ही गाल लालभडक, वर हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, फुटलेला नारळ. आणि वैलाच्या बाजूला नीट घडी घातलेली हिरवी चादर, फुलं, उदबत्त्या. भोवती निम्मं गाव. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आमच्या मजूरबायांची म्होरकी कौसाबाई. तिनं महिनाभर पाहिलं होतं की एवढा मोठा सरकारी साहेब चपला काढतो, खाकरतो, आतल्या बाईला विचारून बसतो, तिच्याशी बोलत जेवतो. यावरून जो काढायचा तो अर्थ तिनं काढला आणि गावात सांगितला. काहीजण म्हणाले ही सराईमाता. काहीजण म्हणाले ही बीबीसाहेबा. आणि दोन्ही बाजूंनी बसून गोडीगुलाबीनं वाटणीही करून टाकली होती: मंगळवार यांचा, जुम्मेरात त्यांची. मी हादरलो तो यामुळे. भांडण असतं तर अधिकारी आले असते, पंचनामा झाला असता, दोघांनाही हाकलता आलं असतं. एकमतापुढं ओव्हरसियर काय करणार?

रहीमचाचांनी थापी खाली ठेवली होती. म्हणाले, साहेब, मी तिच्या डोक्यावर भिंत नाही चढवणार. भगवानराव हातात नारळ घेऊन उभे होते आणि तो फोडावा की परत न्यावा हे त्यांना कळत नव्हतं.

थांबाजी आले. काठाशी उभे राहिले. त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दाढीच्या ब्रशनं त्यांनी जपून जपून माती काढलेली ती चूल, आणि तिच्यावर बोटबोट शेंदूर. तरीही त्यांनी आधी चपला काढल्या, दोनदा खाकरले आणि मगच उतरले. लोकांना वाटलं साहेब आता पूजा करणार. त्यांनी धोतराचा सोगा ओला करून शेंदूर पुसायला सुरुवात केली.

गर्दी कुरकुरली. ते मान वर न करता बोलले, "ही देवी नोहे जी. सैपाक करत होती. मुसाफिर कोन, कुठला, कोन्या जातीचा, काई विचारलं नाही, आन जेवू घातलं. तिले शेंदूर काऊन फासता? बिचारीचे हात कायम पिठाचे. तिले कुठं हे सोंग पायजे होतं?"

बायकांना ते बहुधा लगेच कळलं. कौसाबाईनं पुढे होऊन बांगड्या उचलल्या, मोमीनपुऱ्यातल्या एका म्हातारीनं चादर उचलली. पण कौसाबाई जाता जाता म्हणाली, "मंग साहेब, सैपाक करनाऱ्या बाईच्या चुलीवर आमी पाय देऊ का? वरून भिंत बांधू का?"

थांबाजी पुसता पुसता थबकले. चुलीकडे पाहून म्हणाले, "नाही. थांबा जी." आणि या वेळी मागाहून 'चालू द्या' आलं नाही. त्यांनी छत्री मिटली, पिशवी उचलली आणि एसटी धरायला साखरखेर्ड्याच्या वाटेला लागले. त्यांच्या होकाराशिवाय त्या कोपऱ्यात कुदळ पडणार नव्हती. म्हणजे देऊळही गेलं आणि दवाखानाही गेला.

भगवानराव आरडले नाहीत. ते एका घडीव दगडावर बसले आणि मला म्हणाले, "ओव्हरसियर साहेब, एक सांगा. जितीजागती बाई मोठी का मेलेली?"

मी दुसऱ्या दिवशी तणतणतच बुलढाण्याची एसटी पकडली. थांबाजींची खोली तिथं होती. रस्ताभर मी मनात भाषण तयार करत होतो. त्यात जनता होती, कर्तव्य होतं, भगवानरावांची सून होती, आणि शेवटी दाढीच्या ब्रशाबद्दल एक खोचक वाक्यही होतं. ते मला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच भेटले. हातात वांग्यांची पिशवी. मला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "चला जी, चहा घेऊ," म्हणाले. मी म्हटलं घरात बसल्यावरच सुनवावं.

एक खोली, पुढं पडवी. दाराला बाहेरून कुलूप. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप काढलं, कडी सरकवली. मग चपला काढून एकीला एक लावून ठेवल्या, तोंडापुढं मूठ धरली आणि दोनदा खाकरले. जरा थांबले. मग दार लोटून आत गेले.

माझं भाषण तिथंच संपलं. बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत माणूस असत नाही, एवढं मलाही कळत होतं.

आत कोपऱ्यात एक चूल होती. ताजी सारवलेली, पण राखेचा कण नाही. चहा त्यांनी पडवीतल्या रॉकेलच्या स्टोव्हवर केला. घरमालक ती चूल फोडून ओटा बांधून देतो म्हणत होता, हे गृहस्थ नको म्हणत होते. चहा ओतता ओतता, मी न विचारताच, त्यांनी सांगितलं. त्यांची नोकरी फिरतीची, आज सिंदखेडराजा तर उद्या लोणार. घरी यायला नेहमी उशीर. एकदा ते पाय न वाजवता आले आणि त्यांच्या पत्नी सरूबाई इतक्या दचकल्या की हातातलं वरण चुलीत सांडलं. तेव्हापासून बाईंनी दम भरला होता की आधी खाकरत जा. "आन मी खाकरलो का आतून म्हने, या. वैलावर ठेवलं हाये." कपातल्या सायीवर फुंकर मारत ते एवढंच पुढं म्हणाले, "गेली तवा मी दौऱ्यावर होतो."

मी वयानं लहान, अनुभवानं त्याहून लहान. म्हणून मी माझ्या धंद्याचं बोललो. म्हटलं, साहेब, पाया चुलीतून न्यायलाच कशाला पाहिजे? दोन बाजूंना दोन खांब घेऊ, मधे कमान टाकू. सराईला इतक्या कमानी आहेत, तिच्यात आणखी एक. रहीमचाचा आनंदानं वळवतील. खाली चुलीत चाळलेली वाळू भरू आणि वर फरशी. भिंतीचा भार तिच्यावर येणार नाही, पाय पडेल तो फरशीवर.

त्यांनी आपल्या कोपऱ्यातल्या चुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सरू रातच्याले विस्तव राखीखाली झाकून ठेवे. सकाळी फुंकला का पेटे. झाकनं निराळं जी, मोडनं निराळं." आणि त्यांनी दौऱ्याच्या पिशवीतून कागद काढून होकार लिहायला घेतला.

वाळू त्यांनी स्वतः चाळली. एक खडा राहू दिला नाही. रहीमचाचांनी कमान अशी वळवली की जुन्या सराईतली कुठली आणि नवी कुठली, हे चुना ओला होता तोवरच ओळखू येत होतं. वाळू टाकायच्या आधी कौसाबाई खाकरून खाली उतरली आणि पदराखालून भाकरीची चतकोर काढून तिनं वैलावर ठेवली. आता थांबाजी हात वर करणार म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहायला लागलो. ते पाठ फिरवून छत्रीची काडी सरळ करत होते. ती काडी आधीच सरळ होती. वाळू पडली आणि मार्च सरायच्या आत जोतं वर आलं.

दवाखाना उघडला त्या दिवशी मंडप, ताशे, भाषणं, सगळं झालं. थांबाजींना कोणी व्यासपीठावर बोलावलं नाही आणि त्यांनाही ते नकोच होतं. एक पुढारी भाषणात सराईचा इतिहास सांगत होते तेव्हा गर्दीतून दोनदा "थांबा जी" ऐकू आलं एवढंच. भगवानराव सकाळपासून नव्या नर्सबाईंच्या मागंपुढं करत होते. पाणी भरलं का, कडी नीट लागते का. बाई खामगावकडच्या, तरुण, कालच सामान घेऊन आलेल्या. त्यांना चुलीची हकीकत कोणी अजून सांगितली नव्हती.

भाषणं लांबली तसे थांबाजी हळूच उठले आणि मागच्या बाजूला गेले. मला राहवलं नाही, मीही गेलो. नर्सबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांना एकदा आतली फरशी पाहायची असावी. त्यांनी चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. तोंडापुढं मूठ धरली. दोनदा खाकरले. आणि नेहमीसारखे जरा थांबले.

"या ना," आतून आवाज आला. "कोण आहे? या, चहा ठेवलेलाच आहे."

मूठ तोंडापुढं तशीच राहिली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मी काही केलं आहे की काय अशा नजरेनं. त्यांच्या खाकरण्याला आतून उत्तर आलेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल ते त्यांनाच ठाऊक. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. सोगा सावरला.

"आलो जी," ते म्हणाले, आणि दार लोटून आत गेले.